घोंगडीच्या टोपीतले आरसे

म्हाळूअण्णा मोटारसायकल थांबवतात तेव्हा लगेच उतरत नाहीत. आधी खिशातून घोंगडीच्या दोन टोप्या काढतात, एक डाव्या आरशाला घालतात, एक उजव्या आरशाला. खालची नाडी आवळतात. मग गाडी स्टँडला लावतात. भर उन्हाळ्यात स्वतःच्या डोक्याला रुमाल नसला तरी चालेल, आरसे उघडे राहता कामा नयेत. नांदूरघाटात नवा आलेला माणूस विचारतोच, "अण्णा, आरशाला थंडी वाजती का?"

"थंडी न्हाई," अण्णा म्हणतात. "नजर लागती."

असं म्हणताना ते माझ्याकडं बघतात. आणि खरं सांगायचं तर त्यांचं काही चुकत नाही.

मी गावातल्या शाळेत भूगोल शिकवतो. अण्णा माझे शेजारी. आमच्या घरांची एक भिंत सामाईक आहे. धंदा शेळ्यामेंढ्यांचा. वाडवडील कळप घेऊन हिंडले, अण्णा बाजार हिंडतात. बकऱ्याच्या पाठीवर हात ठेवून ते त्याचं वजन, वय आणि स्वभाव सांगतात, आणि तिन्ही बऱ्याचदा चुकतात. पण सांगतात इतक्या ठामपणे, की गिऱ्हाईक बकऱ्यावरच संशय घेतं.

आमच्या मोटारसायकली जुळ्या. एकाच दुकानातून, एकाच हंगामात घेतलेल्या, दोन्ही काळ्या. आता दोन्ही इतक्या जुन्या झाल्यात की त्यांचे सुटे भाग मिळवायला परळीच्या भंगार बाजारात जावं लागतं. दोघींना खोडही एकच. गाडीनं जरा वेग घेतला की आरसे थरथरायला लागायचे. मागून येणाऱ्या एका एस.टी.च्या माझ्या आरशात कधी तीन दिसायच्या, कधी नुसता लाल डाग. मी कधीच मनाला लावून घेतलं नाही. हॉर्न वाजला की बाजूला व्हायचं, एवढंच मला कळायचं.

अण्णांनाही आधी फिकीर नव्हती. मग अचानक, काही वर्षांपूर्वी, त्यांच्या डोक्यात आरसे शिरले. एक दिवस बघतो तर अंगणात गाडीसमोर उकिडवे बसलेत आणि आरशाला दटावतायत.

"काय झालं, अण्णा?"

"कान हलवायलीय." गाडीला ते जनावर मानायचे, आरसे म्हणजे तिचे कान. "जनावर कान हलवतंय म्हंजी कुठं तरी माशी बसलीय. माशी कुठं हाय ती शोधा."

त्या दिवसापासून अण्णा माशी शोधायला लागले. आधी आरशाच्या दांडीखाली सायकलच्या ट्यूबचं रबर घातलं. मग दांडी कापून आखूड केली. मग लांब दांडी आणली, ती इतकी लांब की गल्लीतून जाताना आमच्या खिडकीचा पडदा घेऊन गेली. इंजिनाचे बोल्ट आवळले, ते इतके आवळले की एक तुटला. दोन्ही आरसे सुतळीनं हँडलला बांधून पाहिले. एकदा तर कुणाच्या तरी सांगण्यावरून हँडलच्या पोकळ नळीत वाळू भरली. वळणावर गाडी वळायची आणि हँडलच्या एका टोकातून वाळू सांडायची. गावातली पोरंटोरं म्हणायची, अण्णा बांधकामावर निघाले.

मी खूप हसलो. शेजाऱ्याची फजिती भिंतीपलीकडून फार गोड ऐकू येते.

आणि मग एका चैत्रात त्यांचे आरसे थांबले.

बसस्टँडजवळच्या चहाच्या हॉटेलासमोर अण्णांनी मला हाक मारली. गाडी चालू होती. अण्णांनी टोप्या काढल्या, कुठं उभं राहायचं ते माझा खांदा धरून त्यांनीच ठरवलं आणि ॲक्सिलेटर पिळला. गाडी नेहमीसारखी थडथडत होती, दिवा हलत होता, नंबरप्लेट खडखडत होती. आरसा मात्र शांत. त्यात हॉटेलची पाटी उलट्या अक्षरांत, काना-मात्रेसकट, स्वच्छ दिसत होती. पाटीवर बसलेली चिमणीसुद्धा दिसत होती.

"कसं केलंत?"

अण्णांनी टोप्या चढवल्या. "माशी घावली."

"कुठं होती?"

"व्हती कुठं तरी," म्हणाले, आणि चहा न पिता निघून गेले.

तेव्हापासून माझं सुख संपलं. जे आरसे मी इतकी वर्षं बिनघोर थरथरू दिले होते, त्यांच्याकडं बघवेना. शाळेला जाताना रस्ता सोडून मी आरसाच बघायचो. अण्णांची गाडी शेजारून गेली की मी जळायचो. माझ्याजवळ पदवी आहे, नकाशे आहेत, गाडीसुद्धा तीच आहे, आणि स्थिर आरसा मात्र ह्या बकऱ्यांच्या व्यापाऱ्याकडं! माझी बायको सुनंदा तर बोलून बसली, "म्हाळूभाऊजींनी मनावर घेतलं तर केलंच बघा." हे वाक्य तिनं भाजी निवडता निवडता सहज म्हटलं. मला रात्रीचं जेवण गेलं नाही.

मी हेरगिरी सुरू केली. सामाईक भिंतीवर हरभरा वाळत घालायच्या निमित्तानं चढलो. अण्णा गाडीवर ताडपत्री टाकून तिच्या आत बसून काम करत होते. टोपीच्या नाडीला हात लावायला गेलो तर त्यांची बोकडं ओरडायला लागली. एक गोष्ट तेवढी कळली. पालीला धरणावर मासे धरणाऱ्या लोकांकडून अण्णा जाळ्याला लावायच्या शिशाच्या गोळ्या घेऊन आले होते.

म्हणजे वजन! मीही शिसं आणलं. अंदाज नव्हता म्हणून जास्तच आणलं, आणि आरशांच्या पाठीवर चिकटवलं. दुसऱ्या दिवशी शाळेच्या रस्त्याला लागलो आणि वजनानं दोन्ही आरसे मान टाकून खाली बघायला लागले. उजव्यात माझा उजवा गुडघा, डाव्यात डावा. आणि दोन्ही गुडघे थरथरत होते.

"निदान स्वतःचं काहीतरी दिसतंय की," सुनंदा म्हणाली.

अण्णांचं आणखी एक विक्षिप्तपण सांगायला हवं. त्यांची बायको कौसाकाकू कुठंही जायची झाली की एस.टी.नं जायची. आणि अण्णा मोटारसायकलवर एस.टी.च्या मागं मागं जायचे. केजला बस थांबली की हे थांबायचे. काकू खिडकीतून बाहेर बघायची नाही, हे खिडकीवरून नजर काढायचे नाहीत. हॉटेलातली मंडळी म्हणायची, म्हातारा कंडक्टरवर जळतोय. मला हे पटायचं. जळणारा माणूस मला आता लांबून ओळखता यायला लागला होता.

गेल्या हिवाळ्यात माझी गाडी केजच्या गॅरेजात पडली होती आणि मी फाट्यावर बसची वाट बघत होतो. अण्णा बाजार करून परतत होते. थांबले. "बसा मास्तर."

मी अक्षरशः उडी मारून मागं बसलो. इतक्या दिवसांनी आरसे उघडे, चालू गाडीवर, माझ्यापासून हातभर अंतरावर! गाडीनं वेग घेतला. मी मान उंच करून उजव्या आरशात बघितलं. आत मीच होतो. स्वच्छ, स्थिर, अधाशी तोंडाचा. डाव्यात बघितलं. तिथंही मीच.

मला इतका आनंद झाला की सांगता येत नाही. म्हाताऱ्यानं आरसे चुकीचे लावले होते!

"अण्णा," मी ओरडलो, "आरसे आत वळलेत! मागचा रस्ता दिसत नाही!"

"रस्ता कोण बगतंय?" अण्णा म्हणाले. "रस्ता जागच्या जागी असतोय."

"मग काय बघता?"

अण्णांनी एका बाभळीखाली गाडी घेतली, इंजिन बंद केलं. ह्या वेळी टोप्या घातल्या नाहीत. आरशातूनच माझ्याशी बोलायला लागले.

"पालीला पुतणीचं लगीन व्हतं. मी अन् कौसा गाडीवर गेलतो. येताना म्हातारी दमलेली, हळदीपासनं झोप न्हाई. एका अंगाला बसली व्हती, जशी बसती तशी. मी बोलायलतो. सोयऱ्यानं मला साधा फेटा बांधला, दुसऱ्याला जरीचा बांधला, ही तक्रार व्हती माझी. लई बोललो. ती काहीच उलटून बोलंना. म्हणलं, जन्मात पहिल्यांदा हिला माझं पटायलंय. मला लई बरं वाटायलतं, मास्तर."

मी हसलो. अण्णा हसले नाहीत.

"मदी एकदा आरशात बगितलं. हिरवं लुगडं नेसली व्हती. आरशात हिरवं हिरवं थरथरायलतं. म्हणलं, हाय."

वाऱ्यानं बाभळीच्या शेंगा वाजल्या.

"फुडच्या गावात हॉटेलापाशी गाडी थांबिवली. चहा घेती का, म्हणून इचारलं. मागं वळलो तर कुणीच न्हाई. आहेराचं बोचकं व्हतं बांधलेलं. हिरव्या चादरीचं."

मी नकळत सीटची कड धरली.

"गाडी कशी वळिवली मलाच मालूम न्हाई. लई मागं, गतिरोधकाजवळ बसली व्हती रस्त्याच्या कडंला. मेंढरावाल्यांनी पाणी पाजलं व्हतं. मनगट मोडलेलं. मला वाटलं, शिव्या देती. बरं झालं असतं दिल्या असत्या तर. ती म्हणली, 'मी हाका मारल्या. तुमी बोलतच व्हताव.'"

गावात त्यांनी सांगितलं होतं, लग्नघरात पाय घसरून मनगट मोडलं. त्या दिवसापासून काकू गाडीवर बसली नव्हती. भांडण नाही, रुसवा नाही; स्वयंपाक करायची, बोलायची, हसायचीसुद्धा. फक्त कुठं जायचं झालं की पिशवी घेऊन बसस्टँडवर जाऊन उभी राहायची. आणि अण्णा माशी शोधत होते.

"मग मला एवढे दिवस सांगितलं का नाहीत?"

"आरशाचं सांगितलं असतं तर तुमी इचारलं असतं, कावून केलं, कशापायी केलं म्हणून." त्यांनी नाक शिंकरलं. "अन् तुमी मास्तर. तुमाला एका 'कावून'वर भागत न्हाई."

मग त्यांनी न मागता सगळं दाखवलं. आरशाच्या पोटात काचेमागं शिशाच्या मोजक्या गोळ्या, पुट्टीत बसवलेल्या. आणि दांडी हँडलला जिथं बसते तिथं वरखाली घोंगडीच्या चकत्या, तेल पाजून दाबलेल्या. ज्या घोंगडीवर बाप झोपला होता तिच्यातलाच तुकडा. म्हणाले, "तुमाला बी देतो. मास्तरीणबाई बसतात की मागं."

मी विचारलं, "काकूंना दाखवलंत?"

अण्णांनी मान हलवली. बाजारात कुणाशीही हुज्जत घालणारा तो माणूस खाली बघत म्हणाला, "न्हाई म्हणली तर?"

त्यानंतर माझे आरसे अण्णांनीच नीट करून दिले. आता मला मागची एस.टी. एकच दिसते. पण ज्यासाठी एवढा जळलो ते मिळाल्यावर फार तर आठवडाभर मजा आली असेल. जळायची सवय मात्र गेली नाही. फक्त तिनं जागा बदलली. आम्ही नवरा-बायको कुठं जायला निघालो की मी आरशात बघायचो. सुनंदा मागं शेताकडं बघत बसलेली असायची, आणि माझ्या मनात यायचं, की असल्या चकत्या कापायला आपल्याला कधी सुचलं असतं का?

मग अण्णांची परळीला दिलेली लेक बाळंत झाली. सकाळी बसस्टँडवर काकू पिशवी आणि डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन उभी होती. मी शाळेत निघालेला, चहाला थांबलो होतो. अण्णा लिंबाखाली गाडीवर बसलेले, आरशांना टोप्या. सगळं नेहमीसारखं. फक्त बस आली नाही. उन्हं वर आली. कुणीतरी सांगितलं, बस वाटेतच बंद पडलीय, दुसरी दुपारशिवाय नाही.

काकू डबा ह्या हातातून त्या हातात घेत होती. मोडलेलं मनगट नीट बसलं नव्हतं. त्या हातात तिला वजन पेलत नसे.

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी काहीच केलं नाही, नुसता चहाचा कप खाली ठेवला. त्यांनी एक टोपी काढली. मग दुसरी. भर स्टँडवर, सगळ्या गावासमोर. गाडीला किक मारली, ती चालवत काकूपाशी नेली आणि बंद न करता उभी केली.

"हिकडं ये," म्हणाले. "आरशात बग."

काकूनं बघितलं. गाडी सगळी थडथडत होती. काकू वाकली. बराच वेळ त्या आरशात बघत राहिली. आरसा मागच्या सीटकडं वळलेला होता, तिच्याच उंचीला लावलेला, ती जिथं बसायची बरोबर त्या जागेवर रोखलेला. ते तिला कळलं असावं. तिनं रिकाम्या सीटकडं बघितलं, परत आरशात बघितलं. मग पदर डोक्यावर नीट घेतला, डबा अण्णांच्या हातात दिला, मागं बसली आणि डबा परत मांडीवर घेतला. वाकडा हात अण्णांच्या खांद्यावर ठेवला.

हॉटेलात भजी तळणाऱ्याचा झारा हवेत राहिला.

गाडी निघाली. इतकी हळू, की शेजारून एक सायकलवाला घंटी वाजवत पुढं निघून गेला. अण्णा उजव्या आरशात बघत होते. मग डाव्या. मग परत उजव्या. मी इतका जळत होतो की डोळ्यांत पाणी आलं.

वळणावर गाडी रस्ता सोडून कडेच्या उसाच्या ट्रॉलीकडं सरकायला लागली, तेव्हा काकूचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

"आवं, म्होरं बगा की!"