फळनाक्यावर पिस्तूल

स्वातंत्र्य ही परमेश्वराची देणगी असून कोणत्याही राज्याची हद्द ती माणसाकडून हिरावून घेऊ शकत नाही, असं ॲरिझोनातल्या किंगमन गावच्या डेलमार हॉस्किन्सनं नाश्त्याच्या टेबलावर जाहीर केलं आणि लगेच उठून कमरेचं पिस्तूल पेटीत ठेवलं. कारण कॅलिफोर्नियात जायचं होतं.

ॲरिझोनात डेलमार हे पिस्तूल लावून बँकेत, बाजारात, एकदा तर दाढ काढायलाही गेला होता. कुणी मान वर करून पाहिलं नव्हतं. हद्दीवरच्या नदीपलीकडं मात्र तेच पिस्तूल रिकामं करून, कुलूपबंद पेटीत घालून न्यावं लागतं, असं कळलं होतं. जाणं तर भाग होतं. कॅलिफोर्नियातल्या बार्स्टो गावचा मेहुणा रॉय्स दरवर्षी नेमबाजीची स्पर्धा भरवी आणि फोनवर विचारी, "काय दाजी, यंदाही हद्दीला घाबरलात का?" यंदा वडिलांचं पिस्तूल घेऊन जायचंच, आणि तेही तुरुंगाला वळसा घालून, असा डेलमारचा निश्चय होता.

म्हणून पेटी डिकीत, गोळ्या सीटखालच्या शिवणाच्या डब्यात आणि किल्ली बायकोच्या, म्हणजे नोरीनच्या, पर्समध्ये अशी व्यवस्था झाली.

"वाटेत चोर आला तर?" नोरीननं विचारलं.

"तू पर्स उघड, मी डिकी उघडतो."

"तोवर त्याला कॉफी करून देऊ का?"

"थट्टा नको. एकदा कुलूप लागलं की तिकडं पेटीला कुणी हात लावू शकत नाही. कायदाच आहे तसा."

"कुणीच नाही?" नोरीन विचारात पडली. "थांब, मी एकदा कुलूप बघून येते."

नदीवरचा पूल ओलांडताच नाका लागला. गणवेशातली एक तरुणी पुढं आली. छातीवर नाव होतं, किंटेरो. डेलमारनं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले.

"बाईसाहेब, डिकीत पिस्तूल आहे. रिकामं आहे. कुलपात आहे."

"असू दे. फळं?"

"पिस्तूल म्हणालो मी."

"ऐकलं आजोबा. ते माझ्याकडं येत नाही, मी शेतीखात्याची. संत्री, मोसंबी, काही? एक कीड आत आली तर बागाच्या बागा बसतील. डिकी उघडा."

डिकी उघडली. किंटेरोनं पेटीवर टिचकी मारली.

"यात काय?"

"तेच ते पिस्तूल."

"सोबत फळ नाही कशावरून? उघडा."

"इथं उघडली तर गुन्हा होईल!"

"नाही उघडली तर आत सोडता येणार नाही."

सावलीत उभ्या असलेल्या लिंडक्विस्ट नावाच्या हवालदाराला बोलावण्यात आलं. त्यानं शांतपणे दोन्ही बाजू ऐकल्या.

"उघडलीत तर मला पकडावं लागेल. नाही उघडलीत तर ही सोडणार नाही. दोन्ही नियम आपापल्या जागी चोख आहेत. मधे तुम्ही कडमडलात."

बराच खल होऊन तोडगा निघाला. वाहतूक अडवण्यात आली. डेलमारनं गाडी वळवून पुलाच्या मध्यावरची हद्द ओलांडली आणि थांबवली. आता डिकी ॲरिझोनात होती आणि किंटेरो कॅलिफोर्नियात. कायदा कुठंही मोडत नव्हता. फक्त मागं पार क्षितिजापर्यंत भोंगे वाजत होते.

"किल्ली सापडत नाही," नोरीन पर्समध्ये डोकं घालून म्हणाली.

"अगं, सकाळी तूच ठेवलीस!"

अखेर कुलूप निघालं. पेटीत पिस्तूल होतं आणि त्याच्याभोवती, कोंबडीखालच्या अंड्यांसारखी, परसातली पिवळीधमक लिंबं.

"नोरीन!"

"तूच म्हणालास ना, कुणी हात लावू शकत नाही! रॉय्सच्या बायकोला विकतची लिंबं चालत नाहीत."

"मागं व्हा सगळे!" किंटेरो ओरडली. लिंडक्विस्टनं हात कमरेला नेला. हातमोजे आले, चिमटा आला, दुहेरी पिशवी आली. लिंबू उचलताना पिस्तूल मधे येऊ लागलं, तसं किंटेरोनं ते काढून डेलमारच्या हाती दिलं.

"हे जरा धरा हो. पसारा झालाय नुसता."

लिंबं सीलबंद होऊन पोलीसगाडीतून रवाना झाली. पिस्तूल पुन्हा कुलपात गेलं आणि सन्मानानं कॅलिफोर्नियात दाखल झालं. राज्य वाचलं. तुरुंग चुकल्याच्या आनंदात डेलमार शीळ घालू लागला.

वाचकहो, तुम्हीही आतापर्यंत पिस्तुलावरच नजर ठेवून होतात; बार कधी उडतो याची वाट बघत पुलावर गर्दी करून उभे आहात. आता काही उडायचं नाही. मागच्या ट्रकात आइस्क्रीम आहे, तेवढी वाट द्या.