सुभानअप्पांचा बिनफोडणीचा रविवार

गेलं वर्षभर दर रविवारी सकाळी आमची बेल वाजायची आणि दारात सुभानअप्पा मसाल्याचा डबा छातीशी धरून उभे असायचे. गोल, स्टीलचा, आत वाट्या असलेला, कुणाच्याही घरात असतो तसलाच डबा. तो माझ्या बायकोच्या हातात द्यायचे आणि बजावायचे, "सांभाळून ठेवा मा. मी मागायला आलों तरी देऊ नका. रडलों तरी देऊ नका."

दारू सोडायला निघालेला माणूस बाटली शेजाऱ्याकडं ठेवतो ना, तसा हा प्रकार. पण अप्पा जन्मात दारूला शिवलेले नाहीत. त्यांना सोडायची होती फोडणी, आणि तीही फक्त रविवारपुरती. सोमवारी सकाळी डबा परत न्यायचे, झाकण उघडून मोहरीचा वास घ्यायचे आणि घरी जायचे.

आम्ही मूळचे कोल्हापूरचे. बँकेनं बदली करून चेन्नईला आणून टाकलं, अण्णा नगरात फ्लॅट मिळाला. सामान चढवताना मी हमालावर मराठीतून खेकसलो, तर समोरचं दार उघडलं आणि एक उंच, पांढऱ्या मिशांचा म्हातारा बाहेर आला. "मराठी अहे का तुम्ही? बेष!" अप्पांचे पूर्वज केव्हातरी घोड्यावरून तंजावरला गेले आणि तिथलेच झाले. त्यांची मराठी आपली जुनीच, पण हेल सगळा तमिळ. पहिले काही दिवस मला वाटायचं, हे माझ्यावर चिडलेत. पुढं कळलं की चिडले की ते गप्प बसतात.

अप्पांनी सगळी नोकरी इरुंगाट्टुकोट्टैला, गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात काढली. काम तपासनिसाचं. भाग हातात घ्यायचा, मापायचा आणि म्हणायचं, पास किंवा रिजेक्ट. रिटायर झाले तरी खोड गेली नाही. कोपऱ्यावरच्या हॉटेलातली इडली रिजेक्ट. लिफ्टचं दार रिजेक्ट. माझी मिशी बघून तर पहिल्याच आठवड्यात म्हणाले, "डावी बाजू मोठी अहे पा. रिजेक्ट." मी घरी जाऊन आरशात बघितलं. होती मोठी.

आणि हा माणूस रविवारी काय शिजवायचा, तर आयरिश स्ट्यू! म्हणजे बघा, बोकडाच्या मानेचं मटण, बटाटा, कांदा, गाजर, पाणी, मीठ आणि नावाला मिरपूड. संपलं. हळद नाही, तिखट नाही, आलं-लसूण नाही, कढीपत्ता नाही. कुकरला मनाई. मंद आचेवर दोन-अडीच तास रटरटत ठेवायचं, चेन्नईच्या उकाड्यात, उघड्या अंगानं, खांद्यावर पंचा टाकून. गाजराचे तुकडे अप्पा व्हर्निअर लावून मोजायचे. थट्टा नाही करत, कारखान्यातून निरोपाला मिळालेला, जाडी मापायचा व्हर्निअर कॅलिपर त्यांच्या ओट्यावर उलथण्याशेजारी टांगलेला होता.

दुपारी मला बोलावणं यायचं. बायकोला नाही, कारण तिनं दुसऱ्याच रविवारी जाहीर केलं की ती रविवारचं मटण खात नाही. पंचवीस वर्षांच्या संसारात हे मला प्रथमच कळलं. म्हणजे सापडलो मी एकटा. तांबडा रस्सा पिऊन वाढलेला माणूस मी, माझ्यापुढं पांढरट पाण्यात पोहणारा बटाटा! अप्पा समोर बसायचे, गुडघ्यावर हात ठेवून. "म्यानेजरासारखं खाऊ नका. सहा वर्षांच्या पोरासारखं खा आणि सांगा. पास की रिजेक्ट?"

"रिजेक्ट," मी म्हणायचो. खोटं कशाला बोला? "अप्पा, ह्याला एक चमचा तिखट मारा, बघा कसं होतंय."

"तिखट नाही! पोर खाईल का तेवढं सांगा!"

एकदा मी कागदाच्या पुडीत कांदा-लसूण चटणी बांधून शर्टाच्या खिशातून नेली. अप्पा पाणी आणायला वळले की चिमूटभर सोडायची, असा बेत. पण तपासनिसाची नजर ती. "सहा वर्षांच्या पोराच्या खिशात चटणी असती का?" म्हणाले आणि पुडी जप्त. तरी पुढच्या रविवारी मी पुन्हा नेलीच. आशा सुटत नाही हो माणसाची.

आता हे पोर कोण, ते सांगतो. अप्पांची एकुलती एक मुलगी, सरोजा. आयर्लंडला नर्स म्हणून गेली आणि तिथल्याच शॉन नावाच्या मुलाशी लग्न करून राहिली. त्यांचा मुलगा फिन. अप्पा त्याला फिन्नू म्हणतात. दोन वर्षांपूर्वी तिघं पहिल्यांदा इथं आली. अप्पांची बायको तेव्हा नुकतीच गेलेली होती, त्यामुळं स्वयंपाक अप्पांनीच केला, सगळा जीव ओतून, तंजावरी मटणाचं झणझणीत कोळंबू, म्हणजे तिकडचा रस्सा. नातवाला पहिला घास स्वतःच्या हातानं भरवला.

पोराचं तोंड भाजलं. ते एवढं रडलं की पुढं आजोबांचा हात जवळ आला तरी तोंड फिरवायला लागलं. दोन दिवस केळी आणि बिस्किटं. तिसऱ्या दिवशी शॉननं बिचाऱ्यानं हात जोडून माफी मागितली आणि तिघं हॉटेलात राहायला गेली.

"माझ्या घरात पोर उपाशी राहिलं, म्यानेजर," अप्पांनी हे मला एकदाच सांगितलं. मिशी हलली नाही, पण व्हर्निअर उगाच उघडझाप करत होते.

ह्या डिसेंबरात फिन्नू परत येणार होता. म्हणून हा सगळा खटाटोप. पोर त्याच्या आजीच्या, शॉनच्या आईच्या हातचा स्ट्यू मिटक्या मारत खातं, असं सरोजा म्हणाली. अप्पांनी त्या आजीबाईंकडून फोनवर कृती घेतली. त्यांचं इंग्रजी ह्यांना कळेना, ह्यांचं त्यांना. मधे सरोजा बसून दोन्हीकडचं सांगायची. मिरपूड चालते, पण किती, ह्यावर एक अख्खा फोन गेला.

चुका काय थोड्या झाल्या? आजीबाईंनी थाइम नावाचा पाला सांगितला होता. त्याचं रोप अप्पांनी गच्चीत लावलं, ते उन्हानं आठवड्यात मेलं. तेव्हा अप्पांनी डोकं लढवलं आणि कुंडीतला पानओवा घातला. इथं घरोघरी पोरांना सर्दी झाली की ह्याच पानांचा काढा पाजतात. त्या रविवारी माझा छातीतला जुना कफ मोकळा झाला, पण जेवल्यासारखं काही वाटलं नाही. दुसऱ्या एका रविवारी स्ट्यू होत आला आणि अप्पा आमच्या दारात. "मा, चार दाणे मोहरी. चारच." बायकोनं डबा पाठीमागं लपवला. "मिळणार नाही. तुम्हीच सांगितलंय." ते दारातूनच म्हणाले, "हात आपोआप जातो पा. फोडणी दिल्याशिवाय कुणाला वाढलं मणून वाटतच नाही."

त्यांच्या फडताळात एक निळी प्लॅस्टिकची ताटली होती, वेष्टणही न काढलेली. तळाशी हिरवा डायनासोर. फिन्नूला डायनासोरचं वेड. ताटल्या धुवायच्या राहिल्या म्हणून मी एकदा ती घ्यायला गेलो, तर अप्पा ओरडले, "त्याला हात नको! ते पोराचं!"

आणि मग नोव्हेंबरातल्या एका रविवारी बेल वाजलीच नाही. डबा आला नाही. आठ वाजले, दहा वाजले. बायको म्हणाली, "जाऊन या बघू. मला हे काही ठीक वाटत नाहीये."

दार उघडंच होतं. स्ट्यू शिजत होता, नेहमीसारखा. डबा ओट्यावर होता, झाकण लावलेला. अप्पा खुर्चीत बसले होते आणि गप्प होते.

"येत नाहीत," शेवटी म्हणाले. "शॉनची आई पडली. खुब्याचं हाड मोडलं. पुढच्या वर्षी बघू मणून सरोजा सांगितली. फिन्नूच्या त्या आजीनंच शिकवलं मला हे. तिच्यावर रागावणार तरी कसं? मी सरोजाला विचारलों, आता तिला कोण करून घालतं स्ट्यू? शॉनला येत नाही मणे."

पुढच्या वर्षी पोर सात वर्षांचं होईल, आवडीनिवडी बदलतील, हे दोघांनाही कळत होतं. मी आपला पाटावर जाऊन बसलो, दर रविवारी बसतो तसा.

अप्पा उठले. फडताळातून ती निळी ताटली काढली, वेष्टण फाडलं, नळाखाली धुतली, पंच्यानं पुसली आणि माझ्यापुढं ठेवली. तीत स्ट्यू वाढला. डायनासोर बुडाला.

"चटणी आणली असाल खिशात," म्हणाले. "घाला आज. आता काय हरकत अहे?"

होती खिशात. सवयीनं आणलीच होती.

"नाही आणली, अप्पा," मी म्हणालो.

पन्नाशीचा, टक्कल पडलेला, अडीच मणाचा बाप्या मी, त्या एवढ्याशा ताटलीत जेवत होतो. आधी डायनासोरची शेपटी दिसली, मग पाय. शेवटी मी बोटानं ताटली निपटून काढली, पोरं काढतात तशी. अप्पा गुडघ्यावर हात ठेवून बघत होते. आज त्यांनी विचारलंच नाही. मीच म्हणालो, "पास."

ते वाकले, स्वच्छ झालेल्या ताटलीत नीट बघितलं.

"पोर जेवलं," म्हणाले, आणि अजून एक पळी वाढली.