डबी आणि विहीणबाई

"काका, आता आपण शौचाचा नमुना घेऊ," असं डॉक्टर मिताली म्हणाल्या आणि प्रभाकररावांचा खोकला जागच्या जागी थांबला.

"खोकला इथे आहे," त्यांनी छातीवर हात ठेवून दाखवलं.

"बरोबर."

"आणि नमुना तिकडचा?"

"तिकडचाच. एक्स-रेमध्ये छातीत डाग दिसतोय. टीबी आहे की नाही ते बेडक्यावरून कळतं. पण तुम्ही दोन्ही वेळा डबीत नुसती थुंकी दिलीत."

"ते गिळतात," शेजारून सुनीताबाई म्हणाल्या. "चारचौघांत खाकरणं बरं दिसत नाही म्हणून जन्मभर गिळत आलेत."

"मग गिळलेला बेडका कुठे जातो? पोटात. आणि पोटातून..."

"कळलं, कळलं!" प्रभाकरराव घाईघाईने म्हणाले.

लहान मुलांना बेडका काढता येत नाही म्हणून त्यांची अशी तपासणी करतात, आता मोठ्यांसाठीही करून बघतायत, असं डॉक्टरांनी समजावलं. नमुना बोराएवढा पुरे, मात्र पाण्यासारखा नको. एवढ्यावर थांबल्या असत्या तर प्रभाकररावांनी सगळं गोड मानून घेतलं असतं. पण दाराशी निरोप देताना त्या म्हणाल्या, "आणि हो, रिपोर्ट येईपर्यंत बाळाला जवळ घ्यायचं नाही."

तिथे मात्र त्यांच्या काळजाला लागलं. बाळ म्हणजे आभा, त्यांची पहिली नात. सून स्नेहल बाळंतपणाला करंज्याला माहेरी गेली होती, आणि आता मायलेकी खांदा कॉलनीतल्या घरी यायच्या होत्या. प्रभाकररावांनी नातीला अजून मांडीवर घेतलं नव्हतं. मोबाईलवर ती दिसली की ते पडद्यालाच "अले अले" करायचे आणि मग खोकायचे. पाळण्याला नवी दोरी लावून झाली होती. फक्त बाळाचा पत्ता नव्हता.

"सासूबाईंना टीबीचा वाससुद्धा लागता कामा नये," मुलगा सुशांत घरी बजावून म्हणाला. "नाहीतर आभा शाळेत जायला लागेपर्यंत करंज्यालाच राहील. स्नेहललाही सांगू नका, तिच्या पोटात काही राहत नाही."

"मग सांगायचं काय?"

"बाबांचं पोट बिघडलंय. नाहीतरी डबी पोटाचीच आहे."

तिघांनाही ही युक्ती फार आवडली. विहीणबाईंना तसा फोन गेला, मायलेकींना आणणं लांबवायला कधी मुहूर्ताची तर कधी रंगकामाची सबब निघाली, वरच्या मजल्यावरच्या धनेशलाही पोटाचंच सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे प्रभाकरराव डबी घेऊन आत गेले.

आता प्रभाकररावांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात झालेली. पाणी कधी सोडायचं आणि कधी अडवायचं, हे ठरवण्यात त्यांची हयात गेली. पोटाचा कारभारही त्यांनी त्याच शिस्तीने चालवला होता. सकाळचा चहा झाला की काम फत्ते, पुन्हा दिवसभर आठवणसुद्धा नाही. पण त्या दिवशी हातात डबी आली आणि गणितच बिघडलं. आपलं आजवरचं खासगी काम आता डॉक्टर, लॅबवाले आणि मशीन, सगळे बघणार, या विचाराने त्यांचा जीव आकसला आणि जिवाबरोबर बाकीचं सगळं आकसलं. ते कोरडी डबी घेऊन बाहेर आले.

"झालं?" सुनीताबाईंनी विचारलं.

"दाराशी उभी राहू नकोस. दडपण येतं."

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. इकडे पोटाच्या बातमीने आपलं काम चोख बजावलं होतं. धनेशच्या आईने इसबगोल पाठवला. खालच्या मजल्यावरून पिकलेली पपई आली. विहीणबाईंनी फोनवर सांगितलं, "एरंडेल द्या त्यांना, गरम दुधात. आमच्याकडं सगल्यांना देतो."

आभा करंज्याला अडली आहे, आणि ती अडली आहे ती आपल्यामुळे, या विचाराने प्रभाकरराव इरेला पेटले होते. त्यांनी संध्याकाळी इसबगोल घेतला, पपई संपवली आणि वर एरंडेलही प्यायलं. मग धरण फुटलं. सुशांतने विजयी मुद्रेने डबी लॅबमध्ये नेली आणि तशीच पडलेल्या चेहऱ्याने परत आणली.

"पाणी आहे म्हणाले. हे चालत नाही."

"अरे, पण दिलं ना!"

"घट्ट हवंय, बाबा."

लगेच डाळिंबाची साल, कच्ची केळी, मऊ भात असा उलटा प्रवास सुरू झाला. तोही इतका कसून की पोट पुन्हा ठप्प. या सगळ्यात प्रभाकरराव कितीही खोकले तरी कोणाचं लक्ष नव्हतं. सगळी कॉलनी त्यांच्या पोटाकडे बघत होती. लिफ्टमध्ये ओळखपाळख नसलेली माणसं विचारत, "काका, आज कसं?" आणि प्रभाकरराव लिफ्ट सोडून जिन्याने जायला लागले.

रविवारी सकाळी बेल वाजली. सुनीताबाईंनी दार उघडलं, तर समोर विहीणबाई भामाताई उभ्या. मागे स्नेहल. आणि भामाताईंच्या हातात, टोपडं घातलेली, आभा.

"व्याही आठवडाभर आजारी, आन् आमी बघायला येयाचा नाय?" भामाताई सरळ आत आल्या. "म्हटला नातीलाच नेऊ. तिला बघून पोट आपसूक हलंल. घ्या व्याही, घ्या तुमची नात!"

पोटाचं दुखणं काही कोणाला लागत नाही. त्यामुळे बाळाला आणायला हरकत काय? टीबी लपवायला रचलेली थाप आभाला थेट घेऊन प्रभाकररावांच्या छातीशी आली होती. सुशांत अंघोळीला गेला होता. सुनीताबाईंच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

आभाने जांभई दिली. बोळकं तोंड, नाक डिट्टो प्रभाकररावांचं. त्यांचे हात आपोआप पुढे झाले, आणि तेवढ्यात घशात खोकल्याची उबळ आली. त्यांनी हात मागे ओढले, टीपॉयवरची डबी उचलली आणि धूम ठोकली ती आतल्या संडासात. कडी लागल्याचा आवाज हॉलभर ऐकू आला.

भामाताई आभाला तसंच पुढे धरून उभ्या राहिल्या.

"पलाले?" त्या म्हणाल्या. "नातीला बघून पलाले?"

"तसं नाही हो विहीणबाई, त्यांचं पोट..."

"पोट नाय नि काय नाय! आता कलला मला. रोज काय ना काय बहाना. आज दिवस चांगला नाय, उद्या रंगकाम हाय. पोरगी झाली म्हनून तोंड फिरवला तुमी! पोरगा असता तर नाचले असते. स्नेहल, पिशवी उचल. ही पोर करंज्यालाच राहील. आमाला जड नाय!"

आत कमोडवर बसलेल्या प्रभाकररावांनी हे ऐकलं आणि त्यांच्या अंगाची लाही झाली. पोरगी नको? ज्या पोरीसाठी त्यांनी एरंडेल प्यायलं, ती नको?

"विहीणबाई, थांबा!" ते जिवाच्या आकांताने ओरडले. "मला टीबी असेल! टी-बी! पोरीला होऊ नये म्हणून पळालो! ती मला जिवापेक्षा प्यारी आहे!"

त्या इमारतीत सगळ्या मजल्यांच्या संडासांच्या खिडक्या एकाच डक्टमध्ये उघडतात. प्रभाकररावांचा टीबी तळमजल्यापासून गच्चीपर्यंत पोचला.  मग वरच्या मजल्यावरून धनेशचा आवाज आला, "काका, टेस्ट कुठे करतात हो? माझाही खोकला जात नाहीये."

हॉलमध्ये भामाताई मटकन सोफ्यावर बसल्या.

"टीबी? एवढाच ना?" त्यांनी आभाला छातीशी घेतलं. "मला वाटला पोर नको हाय तुमाला. आमच्या ह्यांना झालता की गेल्या सालात. सगली औषधं पुरी केली. आता बरे हायत, बोटीवर पन जातात."

"काशिरामभाऊंना?" सुनीताबाई थक्क झाल्या. "पण तुम्ही तर आम्हाला मूळव्याध सांगितली होती!"

"मग काय सांगनार? टीबी सांगितला असता तर तुमी सुनेला माहेरी धाडली असती?"

खरंच धाडली नसती, हे सुनीताबाईंना मनोमन पटलं. उलट मूळव्याध ऐकून त्यांनी तेव्हा मोठ्या प्रेमाने ढीगभर सुरण पाठवला होता.

"सगला खाल्ला हो त्यांनी," भामाताई खाल मानेने म्हणाल्या. "तुमचा मान म्हनून. घसा खाजून खाजून बेजार झाले बिचारे."

दोघी विहिणी एकमेकींकडे बघत राहिल्या, आणि आधी एकीला हसू फुटलं, मग दुसरीला. दाराआड प्रभाकररावांना ते हसणं ऐकू आलं. इतके दिवस छातीवर बसलेलं ओझं उतरलं. सगळ्यांना सगळं कळलं होतं, आता लपवायला काही उरलं नव्हतं. त्यांनी मोकळा श्वास घेतला, आणि आकसलेलं सगळं सैल झालं.

"झालं!" आतून आरोळी आली. "घट्ट आहे!"

"आना इकडं," भामाताई उठल्या. करंज्याच्या बंदरावर मासळीच्या लिलावात उभी राहिलेली बाई ती. ताजा माल रेंगाळून चालत नाही, हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. सुशांत टॉवेलवर बाहेर येईपर्यंत डबी पिशवीत घालून त्या रिक्षात बसल्यासुद्धा होत्या.

रिपोर्टमध्ये टीबी निघाला. प्रभाकरराव आधी घाबरले, मग काशिरामभाऊंचा फोन आला. "लघवी केशरी होईल, घाबरू नका. औषध चुकवू नका. आन् विहीणबाईंना सांगा, सुरण नको." घरच्या सगळ्यांची आणि आभाचीही तपासणी झाली, सगळे ठणठणीत निघाले. औषध लागू पडलं, खोकला ओसरला, आणि एक दिवस डॉक्टर मिताली म्हणाल्या, "काका, आता घ्या नातीला."

त्याच संध्याकाळी भामाताईंनी आभाला आणून त्यांच्या मांडीवर ठेवलं. प्रभाकररावांचे डोळे भरून आले. आभाने त्यांच्याकडे टक लावून बघितलं, चेहरा लाल केला, मुठी आवळल्या, आणि लंगोटासकट आजोबांचा नवा पायजमा पिवळाधमक करून टाकला.

"अगं बाई! उठा, मी धुते," स्नेहल धावली.

"राहू दे," प्रभाकरराव हललेसुद्धा नाहीत. त्यांनी मोठ्या आदराने नातीकडे बघितलं. "सुनीता, बघितलंस? सगळी माणसं समोर बसलीयेत, आणि हिला काही म्हणजे काही दडपण नाही!"