आजोबांचा श्रवणसराव

वय झाले की कान जातात, आणि कान गेले की घरात शांतता नांदते, असा सर्वमान्य नियम आहे.

निवृत्त शिक्षक असलेल्या आजोबांना मात्र ही शांतता सोसवेना. श्रवण पुनर्वसन केंद्राने त्यांना दोन आठवड्यांसाठी कानाचे यंत्र दिले. अट एकच: रोज संध्याकाळी टीव्ही बंद करून घरच्यांनी एकेक करून समोर बसावे आणि दहा मिनिटे बोलावे. संवादात प्रगती दिसली नाही तर यंत्र परत.

आजोबा हरखले. नळाची टिपटिप, कुलपाची खुटखुट, सुनेचे "काय कटकट आहे" हे सगळे त्यांनी पाहुण्यांसारखे हसून आत घेतले. संध्याकाळी केस विंचरून खुर्चीत बसले.

पहिली पाळी मुलाची. "बाबा," तो म्हणाला. तिसऱ्या मिनिटाला "तर मग," म्हणाला. उरलेला वेळ पंख्याकडे पाहत राहिला. (घरातले एकूण संभाषण "जेवलात का", "गोळी घेतलीत का" आणि "काही नाही, तुमचं नाही" एवढेच, तेही ओरडून पाठ झालेले.) सुनेने खोकल्याच्या बाटलीवरचा मजकूर भावपूर्ण वाचला.

"वा! 'हलवून घ्यावे' पुन्हा म्हण बघू," आजोबा म्हणाले.

नात म्हणाली, "आजोबा, तुम्हीच बोला ना. माझे कान चांगलेत."

"मग मला कशाला गं यंत्र दिलंय?"

दोन आठवड्यांनी सगळे केंद्रात गेले, तेव्हा निष्कर्ष आला: यंत्र उत्तम, कान समाधानकारक, ऐकण्याजोगे काही आढळले नाही.

तिथल्या तपासणीच्या बाईंनी यंत्रासाठी हात पुढे केला. आजोबांनी कानावर तळहात दाबून धरला. "बाई, नापास हे घरचे झालेत. परीक्षेला यांना बसवा!"

बाईंना हे शास्त्रीय वाटले. मुलाला काचेच्या खोलीत बसवले. आवाज आला की बटण दाबायचे. मुंगीएवढी शिट्टी वाजली, दाबले. दूर कुठेतरी मोबाइल वाजला, दाबले आणि उठून उभाही राहिला. मग वडिलांचा आवाज: "अरे, जरा बसतोस का माझ्याजवळ?" बटण शांत. पुन्हा. शांत.

निदान झाले: कान निरोगी, बिघाड पुढे कुठेतरी.

यंत्र आजोबांकडेच राहिले. आता सगळे घर सरावाला बसते आणि आजोबा शिकवतात, तेही न रागावता. मुलगा "बाबा, तुमचं काय म्हणणं आहे?" हे वाक्य स्वच्छ म्हणू लागला आहे. (उत्तरासाठी थांबणे पुढच्या इयत्तेत येते.)

बाहेरच्यांनाही वर्गात प्रवेश खुला आहे. प्रवेशपरीक्षा अगदी सोपी. आपण हे वाचत असताना आतल्या खोलीतून कुणीतरी दोनदा काही विचारले आणि आपण "हं" म्हणालात.

अभिनंदन. आपली निवड झाली आहे.