इंगळेभाऊंच्या दोन वायरी

चालू सर्व्हरची वायर पाहुण्याला उपटायला लावणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. आमच्या बुलढाण्याच्या कॉलेजात आहे. इंगळेभाऊ. कॉम्प्युटरचा सगळा कारभार त्यांच्या एकट्याच्या अंगावर. मी पलीकडच्या ऑफिसात कारकून, म्हणून त्यांच्या तावडीत सर्वांत जास्त सापडलेला.

"बसा. आता ही निळी वायर ओढा."

"अहो, बंद पडेल!"

"काऊन पडते? ओढा, बिनधास्त ओढा!"

पाहुणा डोळे मिटून ओढतो. काहीच होत नाही. मग भाऊंचं व्याख्यान सुरू. सर्व्हरला वायरी दोन, पण दोघींची मोट बांधून रस्ता एकच केलेला. दोघी मिळून काम ओढतात, एक निघाली तर दुसरी सांभाळून घेते. याला बाँडिंग म्हणतात. विम्याच्या एजंटापासून पाण्याचे जार आणणाऱ्यापर्यंत सगळ्यांनी ती वायर ओढलेली आहे. एजंट तर पुन्हा फिरकलाच नाही.

एकदा खुद्द प्राचार्य आले. भाऊंना कोण आनंद! आधी चहा पाजावा म्हणून त्यांनी बोर्डावरचा एक प्लग काढला आणि तिथे किटली लावली. पाणी उकळायच्या आत ऑफिसात बोंबाबोंब: अख्ख्या कॉलेजचं नेट गेलं! दोन्ही वायरी नेट वाटणाऱ्या ज्या डब्यात खोचल्या होत्या, त्या स्विचचाच प्लग भाऊंनी काढला होता.

"दोन्ही बैल एकाच खुंट्याले बांधले मी," भाऊ कपाळाला हात लावून म्हणाले, "अन् खुंटाच उपटला!"

प्राचार्य बिनचहाचेच गेले. मग भाऊंनी भांडून दुसरा स्विच मागवला, एकेक वायर एकेका स्विचला लावली आणि किटलीला माझ्या टेबलावर हद्दपार केलं.

यंदा दुसरबीडला त्यांच्या भाचीचं लग्न निघालं. हे सख्खे मामा. पण तारीख नेमकी परीक्षेचे फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवसाची. भाऊंनी बहिणीला चक्क नाही म्हणून कळवलं.

"मी नसलो त इथं कसं होईन?"

मी चिडलोच. "मग त्या दोन दोन वायरी काय शोभेला लावल्या? मामाशिवाय लग्न लावायचं का पोरीचं?" शेवटी दंडाला धरून मीच त्यांना बसमध्ये बसवलं.

त्या दिवशी पोरांची ही झुंबड. दुपारी सहज त्यांच्या खोलीत डोकावलो, तर एक स्विच मरून पडलेला! ऑफिसात धावलो, तर फॉर्म धडाधड भरले जात होते. दुसरी वायर सगळा भार एकटी ओढत होती.

तेवढ्यात भाऊंचा फोन. मागे बँडचा दणदणाट.

"काही अडलं?"

"एक स्विच गेला, पण कोणाला पत्ताही लागला नाही!" मला वाटलं, भाऊ खूश होतील.

"कोनालेच नाही?"

"कोणालाच नाही."

"बरं झालं." आवाज एवढासा. मग, "माह्याबद्दल इचारलं का कोनी?"

कोणीही विचारलं नव्हतं. सगळं सुरळीत चाललं, की त्या खोलीकडे फिरकतं कोण? येईल त्याला हा माणूस वायर का ओढायला लावतो, ते मला तेव्हा उमगलं, आणि फार वाईट वाटलं.

"सगळेच विचारत होते हो," मी ठोकून दिलं. "भाऊ कुठं गेले, भाऊ कधी येणार."

मग भाऊ घाईघाईने म्हणाले, "थांब, फोन ठेवू नको. ताईले देतो. तिले सांग, सगळे इचारून राह्यले म्हणून."