माझं गाणं कोणी चोरू नये म्हणून

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. गाणं लिहिणं अजिबात अवघड नसतं! लोक उगाच बाऊ करतात. चार ओळी, दोन यमकं, मध्ये कुठेतरी वारा सोडायचा, झालं गाणं! मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतो. "हे अक्षर वाचा, आता ते वाचा," असं दिवसभर लोकांना सांगतो. जो माणूस अख्ख्या गावाला अक्षरं वाचायला लावतो, त्याने स्वतः चार अक्षरं लिहायला काय हरकत आहे? असं मी बायकोला विचारलं.

"काहीच हरकत नाही," ती म्हणाली. "फक्त ऐकवू नका."

त्या वेळी मला तो टोमणा वाटला. पुढे मी त्याचा नियमच करून टाकला!

गीतलेखनाचा वर्ग रविवारी सकाळी एका शाळेच्या चित्रकलेच्या खोलीत भरायचा. बाकांवर रंगांचे डाग, भिंतीवर मुलांनी काढलेली जांभळी झाडं आणि समोर आमचे सर. भुवया जाड, आवाज बारीक. जन्मभर गाणी लिहिलेला माणूस. "गाणं कानासाठी असतं, कागदासाठी नाही. ओळ लिहिली की मोठ्याने म्हणा. श्वास कुठे तुटतो बघा. मुखडा म्हणजे घराचं दार, लोकांना तिथून परत परत आत यावंसं वाटलं पाहिजे. आणि अंतऱ्यात मुखड्याचीच री ओढू नका, काहीतरी नवीन सांगा!"

हे सगळं मी ऐकत होतो, पण जांभया देत. माझी झोप उडाली ती शेवटी.

"माझं एक गाणं," सर म्हणाले, "मी रेडिओवर दुसऱ्याच्या नावाने ऐकलंय."

माझ्या अंगावर काटाच आला!

"नुसती कल्पना कोणाच्याच मालकीची नसते. तिला दिलेले शब्द आणि चाल मात्र तुमची असते. म्हणून गाणं पूर्ण झालं की तारीख घाला, प्रत ठेवा, रीतसर नोंदणी करा, आणि मग मोकळ्या मनाने गा!"

यातलं शेवटचं वाक्य मला ऐकूच आलं नाही. कारण तोवर मी मान वळवून मागच्या बाकांवरचे चोर शोधायला लागलो होतो. सगळेच मला चोर वाटत होते! एक बाई फारच गोड हसत होत्या. एक गृहस्थ काहीच लिहून घेत नव्हते. म्हणजे पाठ करत असणार!

पुढच्या रविवारी सरांनी प्रत्येकाला आपलं गाणं वाचायला सांगितलं. मी उभा राहिलो आणि प्रत्येक ओळीतला फक्त पहिला शब्द वाचून खाली बसलो.

"खिडकी... मनातलं... चष्मा... काच... एवढंच?" सरांनी विचारलं.

"सध्या एवढंच जाहीर करतोय, सर."

"बरं आहे," सर भुवया खाजवत म्हणाले. "पण थोडं त्रोटक वाटतं."

तुम्ही काही चोर नाही, म्हणून तुम्हाला पूर्ण सांगतो. मुखडा असा होता:

*खिडकी तुझी उघडी ठेव, वाऱ्याला मी धाडलंय,*
*मनातलं सांगायचं ते, त्याच्यावरच सोडलंय!*

आणि अंतरा:

*चष्मा तुझा नाकावरती, मांजर जणू कट्ट्यावरती,*
*काच पुसून बघशील जेव्हा, मीच दिसेन रस्त्यावरती!*

आहे की नाही चीज? चालही मीच लावली. पण लावायची कुठे, हा प्रश्न होता. भिंतींना कान असतात, आणि आमच्या घरात भिंतींपेक्षा बायकोचे कान जास्त तिखट. तिचा भाऊ तर चक्क वाद्यवृंदात कीबोर्ड वाजवतो! त्याला सगळे छोटू म्हणतात. उंची सहा फूट. असा माणूस घरात येत-जात असताना चाल उघड्यावर ठेवणं म्हणजे मांजरापुढे दुधाचं भांडं ठेवण्यासारखं!

म्हणून मी न्हाणीघर निवडलं. आत जायचं, कडी लावायची, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून नळ पूर्ण सोडायचा आणि गायचं. आता नळाच्या आवाजात स्वतःचं गाणं स्वतःला ऐकू येत नसे, म्हणून जरा वरच्या पट्टीत गावं लागे. जरा म्हणजे, शेवटी शेवटी घसा बसला एवढंच!

"अहो, आत काय चाललंय?" बायको दार ठोकायची.

"आंघोळ!"

"मग विव्हळताय कशाला?"

गुप्तता इतकी कडेकोट होती! आणि तरीही एके दिवशी सकाळी लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई भेटल्या. त्या आरशात बघून केस नीट करत गुणगुणत होत्या. कुठली चाल? माझी! हूं हूं हूंहूं, हूंहूं हूं... अगदी 'धाडलंय'वरच्या हेलकाव्यासकट!

माझ्या पायाखालची लिफ्ट सरकली.

"छान आहे हो," मी दात आवळून म्हणालो. "कोणाचं गाणं?"

"कुणास ठाऊक! आठवडाभर डोक्यात बसलंय," बाई म्हणाल्या. मग माझ्या तोंडाकडे निरखून बघत म्हणाल्या, "तुम्ही रात्री दात खाता का? एकदा दाखवून जा."

फितुरी! दुसरं काय? घरात येणारा-जाणारा संगीतातला माणूस एकच. मागच्याच आठवड्यात छोटू जेवायला आला होता आणि हात धुवायला म्हणून न्हाणीघराच्या बाजूला बराच वेळ रेंगाळला होता. इतके कोणाचे हात मळतात?

पहिलं काम म्हणजे गाण्याचा कागद घरातून हलवणं. तो मी दुकानात नेला, बारीक घडी करून चष्म्याच्या एका रिकाम्या डबीत ठेवला आणि डबी कपाटात इतर पन्नास डब्यांच्या मागे सरकवली. झाकली मूठ सव्वा लाखाची! त्या दिवशी मी निर्धास्तपणे जेवायला गेलो.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडून मालक गल्ल्यावर बसतात न बसतात तोच एक आजोबा काठी आपटत आत आले. मागोमाग आजीबाई. आजीबाईंच्या नाकावर आमच्याच दुकानातला नवा चष्मा आणि गालांवर एक वेगळीच लाली.

"कोण आहे तो?" आजोबा गरजले. "माझ्या बायकोला खिडकी उघडी ठेवायला सांगणारा कोण आहे?"

 एक गिऱ्हाईक एका डोळ्यावर हात ठेवून तसंच बसून राहिलं.

आजोबांनी खिशातून कागद काढला. माझा कागद! मी जेवायला गेलो असताना मालकांनी मागची जड डबी चांगली म्हणून नेमकी तीच आजीबाईंना दिली होती.

"वाचून दाखवू? 'चष्मा तुझा नाकावरती'! म्हणजे पाळत ठेवून आहे मेला! 'मीच दिसेन रस्त्यावरती'! काल संध्याकाळपासून ही खिडकीतून हलली नाही!"

"जरा वाऱ्याला बसले होते," आजीबाई म्हणाल्या.

"वाऱ्यालाच धाडलंय त्याने!"

मालकांनी माझ्याकडे बघितलं. दुकानात पुरुष नोकर मी एकटाच. नोकरी जाणार हे तर दिसतच होतं, शिवाय काठीही दिसत होती.

"आजोबा, ती चिठ्ठी नाही. गाणं आहे! माझं!"

"गाणं? मग म्हणून दाखव."

"ते... नोंदणी व्हायची आहे अजून."

"म्हण!" हे मालक ओरडले.

काय करणार? ज्या गाण्याला मी वाऱ्याची झुळूक लागू दिली नव्हती, ते भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, अक्षरांच्या तक्त्याखाली उभं राहून म्हटलं. संपूर्ण! आजीबाईंनी मान डोलावली आणि जरा हिरमुसल्याच. आजोबांनी काठी खाली घेतली.

"गाणंच आहे खरं," ते म्हणाले. "पण ते तुझं नाही. चोरलेलं आहे! आमच्या दातांच्या डॉक्टरीणबाई माझी दाढ काढताना हेच गात होत्या."

तुम्हीच सांगा, यावर माणसाने काय करावं? माझंच गाणं आणि मीच चोर! मी मालकांना म्हणालो, "मला बरं वाटत नाही." ते म्हणाले, "ते कळलंच," आणि मला घरी सोडलं.

जिना चढतानाच मला माझ्या घरातून कीबोर्डचे सूर ऐकू आले. माझीच चाल! मुखडा, त्यापुढे एक सुंदर छोटासा तुकडा, मग परत मुखडा. मी दार ढकललं. बैठकीच्या खोलीत कीबोर्ड मांडून छोटू बसला होता, आणि बायको शेजारी बसून ताल धरत होती. घरचाच भेदी!

"चोर!" मी ओरडलो. "सापडलास! मुद्देमालासकट सापडलास!"

"भाऊजी?" छोटूचे हात पट्ट्यांवर तसेच राहिले.

"भाऊजी म्हणू नकोस! ही चाल कोणाची? कुठे ऐकलीस? कोणाला विकलीस?"

"विकली? अहो, ही तर तुमच्या बिल्डिंगमध्ये सगळेच गातात! खालचे मास्तर गातात, लिफ्टमध्ये डॉक्टरीणबाई गात होत्या..."

"सगळ्यांना तूच वाटलीस!"

 छोटूने वायर गुंडाळली, कीबोर्ड पिशवीत घातला, पिशवी खांद्याला लावली. एरवी दारातून जाताना वाकायला विसरतो आणि कपाळ आपटून घेतो. त्या दिवशी आधीच मान खाली होती, त्यामुळे आपटला नाही. ते बघून मला थोडं कसंतरीच झालं. पण मी रागात होतो.

दार बंद झाल्यावर बायको म्हणाली, "झालं समाधान? तुमच्या वर्गाचा कार्यक्रम आहे ना? तुम्ही एकटे कोरडे उभे राहाल, साथीला कोणीतरी हवं, म्हणून मीच बोलावलं होतं त्याला. आजचा सराव बुडवून आला होता. तुम्हाला सांगायचं नाही, आयत्या वेळी खूश करायचं, असं ठरलं होतं आमचं."

"पण मग चाल बाहेर गेली कशी?"

"या!" तिने मला मनगटाला धरून न्हाणीघरात नेलं, वरच्या हवेच्या झडपेखाली उभं केलं आणि म्हणाली, "गप्प उभे राहा."

मी गप्प उभा राहिलो. आधी पाण्याचा आवाज आला. मग खोकला. आणि मग खालच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांचा आवाज, माझ्या कानात बोलल्यासारखा स्वच्छ:

*खिडकी तुझी बंद ठेव, झोप आमची मोडलीय...*

वरून डॉक्टरीणबाई खिदळल्या. आणखी वरून कोणीतरी टाळी वाजवली. आमच्या इमारतीतली सगळी न्हाणीघरं हवा जाण्याच्या एकाच उभ्या डक्टला जोडलेली आहेत! मी घरातल्या दोन कानांपासून जे लपवत होतो, ते रोज सकाळी सगळ्या मजल्यांना वरच्या पट्टीत पोचत होतं.

"मास्तर!" मी झडपेत तोंड घालून ओरडलो. "हे गाणं माझं आहे!"

"माहीत आहे हो!" मास्तर ओरडले. "बरं झालं भेटलात! दुसऱ्या ओळीतला तो 'ते' काढा. उगाच लोंबकळतोय, मात्रा वाढते. मी रोज दाढी करताना अडखळतो तिथे. कापलंय दोनदा!"

मी मनातल्या मनात म्हणून बघितलं. *मनातलं सांगायचं, त्याच्यावरच सोडलंय.* च्यायला! खरंच मोकळं झालं!

"आणि ते मांजर काढा!" वरून डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्या जागी मी एक केलंय, ऐका." आणि त्या गायल्या:

*वारा आला, पडदा हलला, निरोप काही आला नाही,*
*गावभर तो सांगत फिरला, दारी माझ्या थांबला नाही!*

मी झडपेखालीच बसलो, पालथ्या बादलीवर. एवढा चांगला अंतरा मला जन्मात सुचला नसता. आणि वाईट याचं वाटलं, की बाईंना तो कोणाची तरी अक्कलदाढ काढता काढता सुचला होता!

संध्याकाळी छोटूच्या सरावाच्या खोलीवर गेलो. तो स्टुलावर पाठमोरा बसला होता. रस्ताभर मी माफीची चांगली यमकं जुळवत गेलो होतो. तिथे एकही आठवलं नाही.

"चुकलं रे," मी म्हणालो. "तू मध्ये जो छोटासा तुकडा वाजवलास ना, तो फार गोड होता."

त्याने कीबोर्डवर तोच तुकडा परत एकदा वाजवला. मग म्हणाला, "तो माझा आहे हं, भाऊजी. चोराल!"

आणि हसला. मी पण हसलो. दोघं चहा प्यायलो आणि मांजर काढायचं नक्की केलं.

सरांना सगळं खरं सांगितलं. ते म्हणाले, "अंतरा बाईंचा, तर तिथे बाईंचं नाव. साथीचा तुकडा मेव्हण्याचा, त्याचंही नाव. गाणं सांभाळायचं म्हणजे दुसऱ्याचंही सांभाळायचं!" त्याप्रमाणे तिघांच्या नावाने रीतसर नोंदणी झाली. कार्यक्रमाला सगळी बिल्डिंग आली, सगळी बिल्डिंग गायली. आजोबा आणि आजीबाई पहिल्या रांगेत होते. टाळ्या बाईंच्या अंतऱ्याला पडल्या, हे सांगायलाच हवं का?

असो! आता मी दुसरं गाणं लिहिलंय. एकट्याने! शब्द माझे, चाल माझी. तारीख घातली, नोंदणी केली, आता कसली भीती? लिफ्टमध्ये म्हटलं, दुकानात म्हटलं, झडप उघडून दोनदा म्हटलं. छोटूच्या घरी कागद मुद्दाम विसरून आलो.

पण कोणी चोरायलाच तयार नाही हो! साधं गुणगुणतही नाही!

मला दाट संशय आहे, सगळ्यांनी आपसात ठरवलंय!