नळीतली हिंसा

माघ संपता संपता चंपतचा धवळ्या बैल मेला, आणि वांगी मात्र ऐन भरात होती. वांग्यांना कुणाच्या मरणाचं काय! त्यांना तिसऱ्या दिवशी पाणी पाहिजे म्हणजे पाहिजे. रिसोडच्या वेशीबाहेर चंपतचा तीन एकरांचा मळा, विहिरीवर मोट, आणि मोटेला लागतात दोन बैल. उरलेला एकटा पोवळ्या नुसता चंपतच्या तोंडाकडे बघत उभा राहायचा. शेजारचा लखीराम आपला बैल उसना द्यायचा, पण चार दिवसांतून एकदा आणि दहा टोमणे मारून. वांग्यांनी माना टाकायला सुरुवात केली होती. पंधरा दिवसांत बैल आला नाही तर मळा गेला, हे चंपतला दिसत होतं.

"अवो, ते नळी इका ना," तुळसाबाई म्हणाली.

"कोनती नळी?"

"जगदेवभाऊजीनं आनलेली. कांद्याच्या ढिगात हाय. वरीस झालं, मी तिनं मांजर हाकलून राह्यली."

जगदेव म्हणजे चंपतचा धाकटा भाऊ, नागपूरच्या गिरणीत कामाला. लढाई संपल्यावर तिकडे मिलिटरीच्या सामानाचा लिलाव झाला, तेव्हा या पठ्ठ्यानं बूट मिळतील म्हणून एक बंद पोतं घेतलं. बूट निघाले, पण दोन्ही डाव्या पायाचे. आणि निघाली ही हातभर पितळी नळी, दोन्ही टोकांना काच बसवलेली. बंदुकीवर लावायची दुर्बीण. बूट जगदेवनं ठेवून घेतले आणि नळी थोरल्या भावाला देऊन टाकली. भावाभावांचं प्रेम असंच असतं.

आता तिची किंमत कशी करायची? वांग्याचा भाव चंपतनं झोपेतही सांगितला असता, पण दुर्बिणीचा भाव रिसोडच्या बाजारात अजून फुटलाच नव्हता. तुळसाबाईनं डोकं चालवलं.

"जे दूरचं जवळ आनते, तेवढं गाडीभाडं वाचते. तेच तिची किंमत. पाहा बरं, वाशीम दिसते काय?"

चंपतनं डोळा लावला. "न्हाई. लखीरामची म्हैस दिसते."

"मंग म्हशीपावतरचं भाडं धरा."

लखीरामची म्हैस दोन शेतं पलीकडे होती. तेवढ्या भाड्यात बैलाची शेपटीसुद्धा आली नसती. शेवटी चंपत नळी धोतराच्या सोग्यात गुंडाळून भागचंद शेटजींकडे गेला.

भागचंद हे बाजारपेठेतले धान्याचे व्यापारी. जैन माणूस, देवधर्माचा, पाणी गाळून पिणारा, दुकानात मुंगी दिसली तर गिऱ्हाइकाला थांबवून आधी तिला वाट देणारा. व्यवहाराला मात्र चिवट. त्यांनी नळी हातात घेतली, माडीवर गेले आणि वाशीमच्या रस्त्याकडे रोखली. रोखली ती खाली घेईनात.

"अरे बापा! त्या गाडीत बारा पोते हायत. तूर हाय! एक पोतं फाटेल हाय!" भागचंद हरखून गेले. "चंपत, गाडी वेशीत शिराच्या आधी मले माल समजते, म्हंजे त्या समोरच्या दुकानवाल्याच्या आधी भाव बोलता येते. ऐंशी रुपये देतो. घे."

ऐंशी रुपयांत चांगला उभा बैल येत होता. चंपतचे डोळे भरून आले. पण शेटजींचा डोळा अजून नळीलाच होता.

"पन हे फुली कायची गा? गाडीवानाच्या छातीवर फुली दिसून राह्यली."

इथं चंपतनं गप्प बसायचं होतं. पण माल विकताना त्याचे गुण सांगायचे, ही माळ्याची जुनी खोड. "तेच तर खुबी हाय ना शेटजी! बंदुकीची दुर्बीण हाय. फुली ज्याच्यावर, गोळी त्याच्यावर. नेम चुकनार न्हाई!"

भागचंदांनी नळी अशी झटकन चंपतच्या हातात दिली की जणू निखाराच. "शिव शिव शिव! म्हंजे इतका वेळ मी त्या बिचाऱ्यावर निशाना धरून बसलो होतो? लेकरंबाळं असतीन त्याले! न्हाई बापा, असली वस्तू माह्या घरात न्हाई पायजे."

"शेटजी, बैल मेला हो माहा…"

भागचंदांना दया आली, आणि तुरीची गाडीही डोळ्यांपुढून हलेना. त्यांनी विचार करून तोडगा काढला. "असं कर. यातली हिंसा तेवढी काढून आन. ऐंशीचे ऐंशी देतो."

हिंसा काढून देणारा माणूस रिसोडात एकच होता, घड्याळं दुरुस्त करणारा प्रेमसिंग. त्यानं डोळ्याला भिंग लावलं, नळीचे आटे फिरवले आणि चिमट्यानं दोन बारीक तारा ओढून काढल्या. फुंकर मारली. तारा गेल्या.

"झालं. निघाली हिंसा. टोपलंभर वांगे देजा."

चंपत नळी घेऊन उठतो तोच दारात घोडा थांबला. मेडशीकडचे रतनसिंग ठाकूर घड्याळ दाखवायला आले होते. जंगलाच्या कडेला गाव, घरात परवान्याची रायफल, मिशा अशा की त्यांना वेगळं खाणं लागत असावं. त्यांनी नळी पाहिली आणि घड्याळ विसरले.

"अरे, ही तर रायफलची दुर्बीण! कितीले देतो? बोल! एकशे साठ देईन."

एकशे साठ! म्हणजे दोन बैल. म्हणजे म्हाताऱ्या पोवळ्यालाही आराम. चंपतनं नळी धोतरानं पुसून पुढे केली. रतनसिंगांनी डोळा लावला आणि मिशा खाली आल्या.

"निशान कुठं हाय?"

"मालक, आत्ताच काढलं. हिंसा होती म्हून."

"अबे, मंग मी काय याच्यातून हरणाले रामराम करू? आठ दिवसांनी येतो. निशान बसवून ठेव. तारा सरळ पायजेत. एकशे साठ रोख."

घोडा गेला. चंपत आणि प्रेमसिंग दोघं गुडघ्यांवर बसून दुकानाची जमीन चाळायला लागले. स्प्रिंगा सापडल्या, काटे सापडले, पाटलाच्या घड्याळाचं दोन वर्षांपूर्वी हरवलेलं चाक सापडलं. तारा काही सापडल्या नाहीत. चंपतनं जाता जाता भागचंदांना सांगितलं, "शेटजी, हिंसा जरा घट्ट बसेल हाय. आठ दिवस लागतीन." खोटं बोलताना त्याची मान खाली गेली. पण दोन बैल म्हणजे दोन बैल.

दुसऱ्या दिवशी तुळसाबाईसुद्धा प्रेमसिंगच्या दुकानात आली, कारण तिचे केस गुडघ्यापर्यंत होते. तिनं सगळ्यांत बारीक केस निवडून उपटून दिला. प्रेमसिंगनं त्याचे दोन तुकडे आत ताणून बसवले. चंपतनं पाहिलं आणि दचकला.

"काय वं हे! केस हाय का घराचा वासा? दोन वासे आडवेउभे टाकले आनि मागं काहीच दिसून न्हाई राह्यलं!"

"आत भिंग हाय ना भाऊ. जे ठेवाल ते दोराएवढं दिसते," प्रेमसिंग म्हणाला.

"माह्या केसाले वासा म्हनता? लग्नात तर रेशीम म्हनत होते," तुळसाबाई म्हणाली.

मग चंपतच्या डोक्यावरचा केस झाला, तो तुळई निघाला. पोवळ्याच्या शेपटीचा केस घातला तेव्हा आत रात्रच पडली. शेवटी तुळसाबाईनंच वर आढ्याकडे बोट केलं. "कोळ्याचं जाळं घ्या ना. त्याहून बारीक काय असते?"

आढ्याच्या कोपऱ्यात दुकानातल्या सगळ्यांपेक्षा सुखानं राहणारं एक जाळं होतं. प्रेमसिंगनं काडीवर ते गुंडाळून घेतलं, श्वास रोखून दोन धागे ताणले, नळी मिटली. फुली अशी सुरेख दिसली की चंपतनं प्रेमसिंगला मिठीच मारली. पुन्हा धूळ जाऊ नये म्हणून तुळसाबाईनं नळी फडक्यात बांधून घरी चुलीमागच्या कोनाड्यात ठेवली. रतनसिंगांशिवाय तिला कुणी हात लावायचा नाही, अशी घरातल्या घरात बंदी झाली.

आठव्या दिवशी बाजार होता. नळी घेऊन चंपत, तुळसाबाई आणि प्रेमसिंग बाजारातून चालले होते, तोच भागचंदांच्या ओट्यासमोर रतनसिंग घोड्यावरून उतरले. त्यांनी नळी घेतली, एक डोळा मिटला, दूरच्या सरकीच्या गोदामाकडे रोख धरला. चंपत त्यांच्या मिशांकडे बघत होता. मिशा आधी वर गेल्या, मग थरथरल्या.

"जनावर!" रतनसिंग ओरडले. "गोदामावर जनावर बसलंय! आठ पाय हायत! हत्तीएवढं!"

मेडशीचे रतनसिंग जनावर म्हणतात, म्हणजे ते असणारच. बाजार उठला. भाजीवाल्या बायांनी टोपली उचलली, गूळ विकणारा गुळावरच बसला. एका कापडवाल्यानं दुकान बंद केलं ते गिऱ्हाइकाला आत ठेवून. लखीराम वाघ वाघ करत पळत सुटला. वाघाला आठ पाय नसतात, हे त्याला वेशीपर्यंत सुचलं नाही.

"मले पाहू द्या," म्हणत प्रेमसिंगनं नळी घेतली. "गोदामावर कुठं? देवळाच्या कळसावर हाय!"

चंपतनं घेतली. "अरे, लखीरामच्या पाठीवर हाय! आनि लखीरामले पत्ताच न्हाई!"

नळी फिरेल तिकडे जनावर फिरत होतं. ही गोष्ट आधी रतनसिंगांच्या ध्यानात आली, आणि ते असे संतापले की घोडा दोन पावलं मागे सरकला. "अबे माळ्या, मी निशान मागितलं होतं. तू तर शिकारच आत बसवून देल्ली! सगळ्या बाजारात माहं हसं केलं!" त्यांनी नळी ओट्याच्या दगडावर आपटली. पुढची काच तडकून तिची जाळी झाली. रतनसिंग घोड्यावर बसले आणि गेले. एकशे साठ रुपयेही त्यांच्याबरोबर गेले.

चंपतनं नळी उचलून डोळ्याला लावली. आता फुलीसकट नाही, फुलीवाचून नाही, नळीतून समोरचा दगडसुद्धा दिसत नव्हता. मळा गेला. "चाल वं," तो तुळसाबाईला म्हणाला. "तांबटाकडं जाऊ. भट्टीत टाकून पितळेचे चार पैसे देईन तो."

"थांब!" भागचंद ओट्यावरून अनवाणी खाली उतरले. "भट्टीत? अरे, आत जीव हाय ना!"

"कोळी हाय, शेटजी. जाळ्यासंगं आत गेला."

"कोळी असला तरी जीवच ना! जित्ता जीव भट्टीत टाकतं? सोड त्याले!"

चंपतच्या हातून इतका वेळ सगळं निसटतच होतं. पण तुळसाबाईनं त्याच्या पाठीत बोट खुपसलं, आणि त्याला सुचलं. "शेटजी, तुमी दरसाली खाटकाच्या हातून बकरे सोडवता. त्याले पैसे देता. मंग मी काय पाप केलं? ऐंशी द्या, सोडतो."

"ऐंशी? एका कोळ्याचे? बकरा दहात येते!" भागचंदांमधला व्यापारी जागा झाला. "हे पाय, उक्तं मी जन्मात काही घेतलं न्हाई. तूर घेतली ते मनाच्या दरानं, तूप घेतलं ते शेराच्या दरानं. जीवाचाही दर बोल. नगाप्रमानं."

त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला आणि दोघांचे हात त्याखाली गेले. बाजाराची रीतच होती ती. भाव बोटांनी व्हायचा, आणि रुमालाखालचा शब्द कुणी मोडायचा नाही. चंपतनं सगळी बोटं धरली. भागचंदांनी दोन धरली. रुमाल बराच वेळ हलत राहिला. शेवटी चंपतनं सुस्कारा सोडून हात बाहेर काढला.

"पाच," तो तुळसाबाईला म्हणाला. "जीवामागं पाच रुपये." पाच रुपयांत बैलाच्या गळ्यातली घंटा आली असती, आणि ती बांधायला बैल नव्हता.

प्रेमसिंगनं ओट्यावर बसून आटे फिरवले. भागचंदांनी हात जोडले. नळीतून एक कोळीण डुलत डुलत बाहेर आली आणि दुकानात शिरली.

"एक," भागचंद प्रसन्न होऊन म्हणाले. "हे घे तुहे पाच."

"थांबा शेटजी," प्रेमसिंग नळीत डोकावून म्हणाला. "बाई एकटी न्हाई. बाळंत झाली हाय."

मोहरीएवढं एक पिल्लू नळीच्या तोंडाशी आलं. त्याच्यामागे दुसरं, मग तिसरं, मग एकदम ओळच लागली.

"बंद कर!" भागचंद किंचाळले. "नळी बंद कर!"

"बंद करू तर जीव गुदमरतीन, शेटजी."

भागचंद ओट्यावर बसले. त्यांनी घाम पुसला तो रुमालानं, आणि रुमाल बघून त्यांना आणखी घाम फुटला. चंपत मात्र बोटांवर मोजत होता. आईसकट सोळावा जीव दुकानात शिरला तेव्हा तो थांबला आणि त्यानं हात जोडले. "बस, शेटजी. सोळा पंचे ऐंशी. माहा बैल झाला. बाकीचे तुमाले सोडले." त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. माणूस मुळात लोभी नव्हताच, वांगी सुकत होती एवढंच.

एवढ्या खर्चातून सुटका झाली म्हणून भागचंदांचा चेहरा उजळेल असं सगळ्यांना वाटलं होतं. तो लालबुंद झाला.

"बस म्हंजे? बाकीचे काय फुकटचे जीव हायत? मी सोडवून राह्यलो ते सोळाच? अन् त्यायचं पुन्य काय तू घेशीन?"

"न्हाई, पन शेटजी…"

"पन न्हाई अन् बिन न्हाई! भागचंद कोनाचं फुकट घेत न्हाई. रुमालाखालचा शब्द हाय. मोज!"

चंपतची बोटं हवेतच अडकली, कारण गरजेच्या पुढचं मोजायची त्याच्यावर आयुष्यात कधी वेळच आली नव्हती.

"सरका," तुळसाबाई पदर खोचून ओट्यावर बसत म्हणाली. "सतरा."